चौदा नंबरची पाळी

सॉरेल गावात आता एकसष्ट माणसं राहतात आणि त्यांना पाणी देणारी विहीर एकच. ती माझ्या ताब्यात आहे. रोज सकाळी सहाला मी पंपघराचं कुलूप काढतो, पोलादी टेपच्या टोकाला खडू फासतो आणि टेप विहिरीच्या नळीत सोडतो. खडू जिथून ओला झाला तिथे पाणी. यंदा मे महिन्यात ते एकशे अठरा फुटांवर होतं. तो आकडा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहितो आणि को-ऑपच्या दुकानात कॉफी प्यायला जातो.

त्या दुकानात पूर्वी कॉफीची तीन टेबलं होती. आता एक आहे आणि त्यावरही खताच्या पिशव्या ठेवलेल्या असतात. तिथे दुकान चालवणारा हर्शेल असतो, मी असतो आणि टपालाची खिडकी उघडण्याआधी लूपे बाका येते. लूपे टपाल सांभाळते, गावाची कारकून आहे आणि दुसरं कुणी तयार नाही म्हणून महापौरही आहे.

"आर्लन, तुझी विहीर काय म्हणते?" हर्शेल रोज विचारतो.

"तुझ्यापेक्षा खोल आहे," मी रोज सांगतो. त्याला रोज हसू येतं. आमच्याकडे विनोदसुद्धा पुरवून वापरावे लागतात.

एकेकाळी असं नव्हतं. नदीतून अठ्ठावीस मैलांचा पाट निघायचा आणि या माळावर बीट पिकायचं, खरबुजं पिकायची. बिटाच्या हंगामात साखर कारखान्याच्या धुराचा वास धुतलेल्या कपड्यांनाही यायचा. व्होल्गाकाठाहून आलेले जर्मन, मेक्सिकोकडचे लोक, दोन जपानी कुटुंबं, सगळी एकाच पाटावर होती. पाटाला एकेचाळीस दारं. माझे वडील पाटकरी होते, त्यांच्यानंतर मी झालो. प्रत्येकाची पाळी दर दहा दिवसांनी यायची. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या दाराशी बांधावर फावडं उभं रोवायचं. फावडं दिसलं की पाटकऱ्याने दार उघडायचं, नंबर पुकारायचा आणि पुढे जायचं. फावडं नसेल तर पाणी पुढच्या दाराला. हे पाटाच्या नियमांत छापलेलं होतं. दुसऱ्याच्या फावड्याला हात लावायचा नाही, हे मात्र कुठे छापलेलं नव्हतं, कारण तशी वेळच कुणावर आली नव्हती.

एकोणऐंशी साली शहराची माणसं आली. नाव घेत नाही, डोंगराच्या पायथ्याशी अशी दोन-तीन शहरं आहेत आणि सगळ्यांची तहान सारखीच. त्यांना पाट नको होता, पाटातलं पाणी हवं होतं. सभागृहात बैठक झाली. विकायला राजी असलेल्यांनी उभं राहायचं ठरलं. एकेचाळीस दारांपैकी चाळीस दारं उभी राहिली. आमचं पाणी चोरीला गेलं असं आता लोक सांगतात ते खोटं आहे. आम्ही खुर्च्या मागे सरकवून, उभं राहून ते दिलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

बसून राहिली ती एक बाई. चौदा नंबरची लिडिया श्टाल, विधवा, वय साठच्या आसपास, सतरा एकर खरबुजं आणि घरामागे सफरचंदाची झाडं. "मला तहान आहे," एवढंच ती म्हणाली आणि पर्स मांडीवर ठेवून बसून राहिली.

यंदाच्या मे महिन्यात एका मंगळवारी, सव्वासातला, मी पंपघरावरून घरी निघालो होतो. पाटाच्या बांधावरचा रस्ता मला जवळचा पडतो. पाट चाळीस वर्षं कोरडा आहे, त्यात वाऱ्याने लोटलेली काटेरी झुडपं गळ्यापर्यंत भरलेली असतात. चौदा नंबरच्या दाराशी बांधावर फावडं रोवलेलं होतं.

मी गाडी थांबवली. फावडं चांगलं हातभर खोल गेलेलं होतं. दांडा राखाडी पडलेला, मुठीजवळ तडकलेला आणि तिथे तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली. मी ते उपटलं. पात्याला गाळ होता, काळा, चिकट आणि थंड. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता.

कुणीतरी चेष्टा केली असेल. पोरांनी केली म्हणावं तर सॉरेलमध्ये पोरं उरलेली नाहीत. मी फावडं गाडीत टाकलं आणि घरी नेऊन शेडमध्ये ठेवलं.

घरात नळाला पाणी नव्हतं. माझी बायको व्हर्ना दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली आहे. झटका आला तेव्हा पाय गेले, डावा हात गेला. त्या हाताची मूठ वळत नाही. बोलणं संथ झालं, पण डोकं माझ्यापेक्षा ताळ्यावर आहे. तिचं अंग पुसायची वेळ झाली होती आणि बादली रिकामी होती.

"पाणीवाल्याच्या घरात पाणी नाही," ती म्हणाली. "छान."

मी पंपघरात परत गेलो. पंप चालू होता, नुसती हवा ओढत होता. एक वाजता पाणी आपोआप आलं. टेप सोडली तर एकशे पंचवीस.

दुसऱ्या वेळी शुक्रवार होता. सकाळी सातला सगळ्या गावाचे नळ बंद पडले आणि एकला सुरू झाले. तिसऱ्या वेळी सोमवार. हर्शेल म्हणाला वाळू शिरली असेल, लूपे म्हणाली पंपाचं वय झालंय. कुणाला त्यात काही क्रम दिसला नाही, कारण मंगळवार, शुक्रवार, सोमवार यांत क्रम नाहीच. पण पाळी दहा दिवसांची असली की वार तीन-तीन घरं पुढे सरकतो. हे ज्याच्या अंगवळणी आहे असा या गावात मी एकटाच जिवंत आहे. आणि चौदा नंबरची पाळी सात ते एक असायची, सहा तास.

दोन्ही वेळा फावडं बांधावर होतं. शेडमधलं शेडमध्ये नव्हतं.

सोमवारी मी पाच वाजल्यापासून गाडीत बसून पाळत ठेवली होती. उजाडलं होतं, माळ सपाट, दोन मैलांवरचा ससासुद्धा लपत नाही. बांध मोकळा होता. सात वाजता मी थर्मासचं झाकण लावायला मान खाली घातली, वर पाहिलं तर फावडं उभं होतं. दांडा अजून थोडा हलत होता, नुकतंच कुणी पायाने दाबून हात काढून घेतल्यावर हलतो तसा.

मी ते उपटलं. का उपटलं ते मला सांगता येणार नाही. हाताला सवय होती.

आता ते सांगूनच टाकतो. श्टालबाईने पाणी विकलं नाही तेव्हा कोर्टाने शहराला बजावलं की तिची पाळी तिला मिळालीच पाहिजे, मात्र पाटाच्या नियमांप्रमाणे तिने ती मागायला हवी. म्हणजे बांधावर फावडं हवं. एका बाईसाठी अठ्ठावीस मैल पाट भरायचा तर तिच्या वाट्याच्या दहापट पाणी वाटेतच मुरणार. शहराचा वकील मला भेटायला आला. फार सभ्य माणूस. त्याने मला काहीच कर म्हणून सांगितलं नाही. पाटकऱ्याच्या वहीत 'फावडं नाही' असं लिहिलेलं असलं तर काय होईल, तेवढं फक्त समजावून सांगितलं. त्याच सुमारास व्हर्नाच्या मणक्यात गाठ निघाली होती. पाट बंद झाल्यावर शहर मला पंपघराची नोकरी देणार होतं आणि नोकरीबरोबर इस्पितळाचा खर्च भरणारा विमा.

तीन उन्हाळे मी दर दहाव्या दिवशी पहाटे जाऊन तिने आदल्या रात्री रोवलेलं फावडं उपटलं, गवतात आडवं टाकलं आणि वहीत लिहिलं, फावडं नाही. ती सातला यायची, आडवं फावडं बघायची, पुन्हा रोवायची आणि एकपर्यंत पाटात बघत उभी राहायची. वाऱ्याने पडलं असेल, गुरांनी पाडलं असेल असं तिला वाटत असावं. दर वेळी ते आणखी खोल असायचं. तिसऱ्या उन्हाळ्यात तिने ते दाराच्या खांबाला तारेने बांधलं. मी पक्कड नेली आणि तार तोडली. तिने तीच तार दांड्याला गुंडाळून ठेवली. वाया घालवणारी बाई नव्हती. खरबुजं पहिल्याच वर्षी गेली, सफरचंदं दुसऱ्या. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात ती परगावच्या वृद्धाश्रमात वारली. मी फुलं पाठवली होती.

चौथ्या वेळेनंतर, म्हणजे गुरुवारी, टेप एकशे एक्कावन्नावर ओली झाली. पंप बसवलेला आहे एकशे साठावर. लूपेने राज्याच्या कचेरीत फोन केला आणि पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळी घरी आली. स्वयंपाकघरात उभी राहूनच बोलली.

"ते म्हणतात, विहीर आटली तर टँकर मिळेल महिनाभर. त्यानंतर गाव बंद. सनद परत करायची, वीज तोडायची."

"आणि माणसं?"

"माणसांना पाय आहेत ना, म्हणतात." मग तिने व्हर्नाच्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पुएब्लो शहरातल्या वृद्धाश्रमात एक खाट आहे, आर्लन. मी नाव घालून ठेवते. नंतर तीही जाईल."

झटका आल्यावर व्हर्नाने माझ्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेतली होती. मला कुठेही हलवायचं नाही, मी जाईन ती या घरातून. सबंध आयुष्यात तिने माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

लूपे गेल्यावर मी व्हर्नाच्या खाटेशी स्टुलावर बसलो.

"श्टालबाईचं फावडं मी उपटायचो," मी म्हणालो.

ती छताकडे बघत होती. "माहीत आहे."

"केव्हापासून?"

"पहिल्या उन्हाळ्यापासून. तू बांधावरून यायचास आणि मोरीत हात धुवायचास. पाट कोरडा, आणि हा माणूस गाळ धुतोय."

"बोलली नाहीस कधी."

"माझं ऑपरेशन व्हायचं होतं, आर्लन. मी कशाला बोलू? एकदा ती आपल्या घरी आली होती. वारा पडलेला असताना फावडं कसं पडतं, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, गुरं असतील. तिला कॉफीसुद्धा विचारली नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं एका छपराखाली राहून आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

मी तिला सगळं सांगितलं, वार, तास, दांड्याची तार. तिला आश्चर्य वाटलं नाही याचा मला राग आला.

"उद्या रविवार," ती म्हणाली. "उद्याचीच पाळी ना? हात लावू नकोस फावड्याला. दार उघड. तुझे वडील पुकारायचे तसं पुकार. आणि एकपर्यंत उभा राहा, ती राहायची तशी."

"पाट कोरडा आहे, व्हर्ना."

"तू पाटकरी आहेस. दार उघडायचं काम तुझं. पाण्याचं पाणी बघेल."

रविवारी लूपेला व्हर्नाजवळ बसवून मी गेलो. सातला पाच कमी होते. गंजलेल्या चाकावर आदल्या दिवशीच मी तेल सोडून ठेवलं होतं. फावडं जागेवर होतं. ते केव्हा आलं हे बघायच्या फंदात मी पडलो नाही.

चाक तिसऱ्या हिसक्याला फिरलं. दार वर आलं. खाली कोरडी माती, एक चेपलेला डबा, झुडपांचे काटे.

"चौदा नंबर," मी पुकारलं. माझाच आवाज मला म्हाताऱ्या माणसाचा वाटला. "चौदा नंबर, पाणी आलं."

काही झालं नाही. एक गाडी हमरस्त्याने गेली. मला माझीच लाज वाटली आणि थोडं बरंही वाटलं.

मग वास आला. तापलेल्या मातीवर पाणी चढतं तेव्हाचा वास. पाटकऱ्याचं नाक त्यात चुकत नाही.

पाठोपाठ आवाज. कोरड्या सरीत पाणी शिरताना माती आधी चरचरते, मग ढेकळं फुटतात, मग बारीक बुडबुडे. समोर श्टालबाईचं शेत पडीक होतं, तणाची राखाडी खुंटं आणि धूळ. डोळ्यांना धूळ दिसत होती आणि कानांना पहिली सरी भरलेली ऐकू येत होती. मग दुसरी.

मी बांधावरच्या फावड्याकडे पाहिलं. ते तिथे नव्हतं.

शेतात कुणीतरी फावडं मारत होतं. पातं मातीत जायचं, ढेकूळ उलटायचं, पाठीने थोपटायचं. सरी फोडायची आणि बंद करायची. एका लयीत, दमाने, अजिबात घाई नाही. तिला मी कितीदा तसं करताना बघितलं होतं.

मी उभा राहिलो. आठ वाजले, नऊ वाजले.

साडेनवाच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की फावडी दोन आहेत.

एक सराईत होतं. दुसरं नवखं.

नवखं मध्येच थांबायचं. उशिरा सुरू व्हायचं. पातं दगडावर खणकन आपटायचं. सराईत त्याच्यासाठी थांबायचं, मग पुन्हा दोन्ही चालायची.

अकराला मी हाक मारली, "कोण आहे?"

दोन्ही थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

एक वाजता आवाज बंद पडला. मी दार खाली केलं. खाली वाकलो तेव्हा दाराच्या चौकटीला बोटभर उंचीवर ओली रेघ होती. बघता बघता ती वाळली.

घरी नळ चालू होता. स्वयंपाकघरात लूपे भांडी विसळत होती, मुद्दाम धार मोठी सोडून.

"एकदाही गेलं नाही," ती म्हणाली. "एक मिनिटसुद्धा नाही. काय केलंस तू?"

"व्हर्ना कशी आहे?"

"झोपलीय. तू गेल्यापासून झोपलीय, मी दोनदा श्वास बघून आले. नुसता घाम. उशी बदलली मी." तिने हात पुसले. "आर्लन, तिला त्या गोळ्यांनी पुरळ उठतं का? हातांना काहीतरी झालंय."

मी आत गेलो. व्हर्नाचे दोन्ही हात पांघरुणावर उताणे पडले होते. तळव्यांवर, बोटांच्या मुळाशी, ओळीने पाणी भरलेले फोड होते. उजव्या हाताचे दोन फुटले होते. डाव्या हाताची मूठ दोन वर्षांत वळली नव्हती, त्या हातालाही चार होते. हे फोड कशाचे ते या माळावर कुणालाही विचारा. पहिल्या दिवशी फावडं धरलं की येतात ते.

मला ते कधी आले नाहीत. पाटकऱ्याला फक्त चाक फिरवावं लागतं.

सोमवारी टेप एकशे अठरावर ओली झाली. लूपेने राज्याच्या कचेरीत कळवलं आणि आश्रमाच्या यादीतून व्हर्नाचं नाव काढलं. हर्शेलने सगळ्यांना कॉफी पाजली आणि डोंगरात बर्फ वितळलं असणार असं शास्त्र सांगितलं. बाया अंगणात नळी लावून बसल्या. इतका आनंद मी सॉरेलमध्ये सभागृहातल्या त्या बैठकीनंतर पहिल्यांदाच बघत होतो. मला त्यांच्याकडे बघवेना.

फोडांवर मी मलम लावायचो. तिला भूक लागायला लागली होती. उन्हावाऱ्यात राबल्यावर होतो तसा तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, आणि आमच्या त्या खोलीत ऊन येत नाही.

पुढची पाळी दहाव्या दिवशी, बुधवारी. मंगळवारी दुपारी मी तिला म्हणालो, "आपण पुएब्लोला जाऊ. मी लूपेला सांगतो, नाव पुन्हा घालू दे."

"वचन दिलंयस तू."

"हात बघ तुझे. उद्या मी दार उघडणारच नाही. आटू दे विहीर. जाऊ दे गाव खड्ड्यात, नाहीतरी काय उरलंय इथं."

"उघडशील," ती म्हणाली. तिचा आवाज चिडलेला नव्हता. "तुला माझं नेहमी भलंच करायचं असतं, आर्लन. त्यातूनच तर हे सगळं झालं."

मी तिच्या हातांवरचं कापड बदललं. जुने फोड खाली बसले होते आणि त्यांच्या जागी कातडी घट्ट व्हायला लागली होती. डाव्या हाताच्या बोटांत मी माझं बोट ठेवलं तेव्हा ती बोटं मिटली, सावकाश, दांड्याएवढी जागा ठेवून.

"को-ऑपमधून हातमोजे आण," तिने डोळे मिटूनच सांगितलं. "तिच्याकडे एकच जोड आहे."